आधीच केलेल्या खुणा

९ फेब्रुवारी

चि. भिंगू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बाजूला ठेवलंस तर मी तुला दोष देणार नाही. सहा वर्षं मीही तेच केलं. तुझी तीन पत्रं माझ्या कपाटात तशीच बंद आहेत. मामी म्हणते, "फोडत नाही तर टाकून तरी द्या." टाकवतही नाहीत.

मामीचा गुडघा आता बरा आहे. पूर्वी जिना उतरताना पायरीगणिक माझा उद्धार करायची, आता दोन पायऱ्यांना एकदा करते.

पत्राचं निमित्त असं की टेबल सरकवताना मागे तुझं भिंग सापडलं. पितळी कड्याचं, दांडा मोडलेलं. ताई गेली आणि तू आमच्याकडे राहायला आलीस, त्या पहिल्याच आठवड्यात ते तू माझ्या खणातून पळवलं होतंस. घरात येईल त्याचा अंगठा पकडून तपासायचीस. दूधवाला घाबरून दोन दिवस आलाच नाही. तेव्हापासून तू भिंगू. पाठवू का? तुमच्या सरकारी प्रयोगशाळेत लाखांची यंत्रं असतील, पण असू दे म्हटलं.

आणखी एक गोष्ट. मंगळवारी एक वकीलबाई आल्या होत्या. दुधाच्या व्हॅनचा तो ड्रायव्हर, ज्याच्या गाडीखाली एक सायकलवाला पोरगा गेला, त्याच्या अपिलाचं काम त्या बघतात. त्याचं रक्त आमच्या इस्पितळात मीच काढलं होतं, तुमच्याकडे तपासायला मीच पाठवलं होतं. दारूचा आकडा मर्यादेच्या दीडपट आला आणि त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. त्यातली तीन भोगून झालीत. तुमच्याकडचं उरलेलं रक्त मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे नष्ट केलं, तेव्हा पुन्हा तपासायला काही नाही. राहिलाय तो फक्त माझ्या सहीचा फॉर्म.

बाईंनी सरळ विचारलं, "काका, त्या बाटलीत रक्त टिकवायची पावडर होती का?"

"फॉर्मवर खूण आहे ना? मग होती."

"खूण आहे, म्हणूनच तर विचारतेय."

"सात वर्षांपूर्वीचं काय आठवणार, बाई? काल काय जेवलो तेही आठवत नाही."

आतून मामी ओरडली, "काल जेवलेच नाहीत ते! रुसून बसले होते."

चहा देऊन बाईंची बोळवण केली. निघताना विचारलं, भाचीने पाठवलं का तुम्हाला? तर म्हणाल्या, "मी त्यांना भेटले होते. त्या एवढंच म्हणाल्या, की माझं नाव सांगून मामावर दडपण आणू नका."

हे त्या बोलल्या नसत्या तर मी हे पत्र लिहिलं नसतं, हे कबूल करतो.

आता सहज विचारतो, उगाच त्यातून काही अर्थ काढू नकोस. बंद बाटलीत, बाहेरून थेंब न घालता, रक्तात आपोआप दारू होते का? सहा वर्षांपूर्वी त्या दुसऱ्या, टेंपोवाल्याच्या खटल्यात तू कोर्टात तसं म्हणाली होतीस. मी अडाणी माणूस. मला ती गोष्ट अजून पटलेली नाही.

तुझा,
मामा


२ मार्च

चि. भिंगू,

उत्तर आलं. दीड पान, आणि त्यात एकही टोमणा नाही. मी दोनदा शोधला.

तू लिहिलंस की रक्तात साखर असते. बाटली नीट स्वच्छ नसेल, जागा उबदार असेल, आणि जंतूंना मारणारी पावडर नसेल, तर ते साखर खातात आणि दारू करतात. पीठ आंबतं तसंच रक्त आंबतं. आणि पुढे हेही लिहिलंस, की प्रत्येक वेळी तसं होतंच असं नाही. कधी काहीच होत नाही, कधी असलेली दारूसुद्धा उडून जाते. "मामा, मी त्या टेंपोवाल्याला कधीच निर्दोष म्हटलं नव्हतं. त्या बाटलीचा आकडा त्या माणसाबद्दल काही सांगू शकत नाही, एवढंच म्हटलं होतं." हे वाक्य तू कोर्टातही बोलली होतीस म्हणे. मला तेव्हा ऐकू आलं नाही. मला एकच ऐकू आलं, की तेहतीस वर्षं लाख वितळवून बाटलीवर पितळी मोहोर उठवणाऱ्या मामाला भाचीने भरकोर्टात खोटं पाडलं.

दहा मिनिटं आधी त्याच पिंजऱ्यात उभं राहून मी सांगितलं होतं, फॉर्मवर खूण आहे म्हणजे पावडर होतीच. मग तू आलीस आणि बाटलीत पावडर नव्हतीच म्हणालीस. न्यायाधीश म्हणाले, फॉर्म तर वेगळंच सांगतो. आणि तू म्हणालीस, "साहेब, मी बाटली तपासली आहे. फॉर्म नाही." लोक हसले. तू हसली नव्हतीस, हे मला आता आठवतंय.

असो. मी ठरवलंय की स्वतःच करून बघायचं. खरं सांगायचं तर तुला खोटं पाडायला. तुला माहीत आहे, मी जन्मात दारूच्या थेंबाला शिवलेलो नाही. तेव्हा माझं रक्त बाटलीत ठेवू, बघू कुठून येते दारू!

तू लिहिलं होतंस, करायचंच असेल तर निम्म्या बाटल्यांत पावडर घाल, नुसते नंबर टाक, आणि तपासणाऱ्याला कोणती कुठली ते सांगू नकोस. तसंच केलं. आमच्या जुन्या सिस्टरने रक्त काढलं. स्पिरिटने नाही, साबणाच्या पाण्याने दंड पुसून. ती म्हणाली, "मामा, मला तेहतीस वर्षं सुई कशी धरायची ते शिकवलंत, आणि आता स्वतः डोळे मिटून घेताय?" बारा बाटल्या झाल्या. साध्या सहा नळाच्या पाण्याने धुवून वाळवल्या, इस्पितळात आम्ही तेव्हा करायचो तशाच. थोडं रक्त त्याच दिवशी कॉलेजातल्या रसायनाच्या सरांकडे दिलं. त्यांच्याकडे यंत्र आहे. त्यात दारू शून्य निघाली.

बाटल्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर आहेत, तिथे ऊब असते म्हणून. मामीला काल दिसल्या.

"हे काय आहे?"

"माझं रक्त."

"चाळीस वर्षं माझं आटवलंत, आता स्वतःचं भरून ठेवायला लागलात? उतरवा खाली!"

खाली उतरवल्या नाहीत. तिने त्यांच्यापुढे डबा ठेवलाय, दिसू नयेत म्हणून.

तुझा,
मामा


४ एप्रिल

चि. भिंगू,

सरांकडून चिठ्ठी आली. तुला खोटं पाडायला निघालो होतो आणि तोंडावर आपटलो.

पावडरच्या सहाही बाटल्या शून्य. साध्या सहांपैकी चार शून्य. एकीत थोडी. आणि आठ नंबरच्या बाटलीत मर्यादेच्या वर.

सर चिठ्ठी देताना म्हणाले, "आजोबा, हा आठ नंबरवाला जो कोणी असेल, त्याला गाडी चालवू देऊ नका."

म्हटलं, "सर, तो मीच. आणि मला सायकलसुद्धा येत नाही."

ते हसले. मी पण हसलो. मग बाहेर येऊन त्यांच्या कॉलेजच्या पायरीवर बसलो. चारांत काही झालं नाही, दोनांत झालं. सहाही झाल्या असत्या तर सोपं होतं. एकही झाली नसती तर त्याहून सोपं. कोणत्या बाटलीत काय होईल ते कोणालाच सांगता येत नाही, हेच तू सहा वर्षांपूर्वी म्हणत होतीस. सरांनी वर आणखी विचारलं होतं, तुम्हाला मधुमेह आहे का? आहे म्हटलं, चार वर्षं. रक्तात साखर जास्त असली की जंतूंची चंगळ, ते म्हणाले.

भिंगू, आता जे लिहितो ते मामीला अजून सांगितलेलं नाही.

मला तो व्हॅनचा ड्रायव्हर आठवतो. वकीलबाईंना मी खोटं सांगितलं. जाडा, घामाघूम झालेला माणूस. कपाळाला पट्टी. मी दंडाला रबर बांधत विचारलं, काही घेतलंयस का? तो म्हणाला, "चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो, मामा. गोळ्या चालू आहेत." मला ते बोलणं उर्मट वाटलं. दारूच्या चौकशीला हा चहाचं काय सांगतोय! रक्त काढलं, बाटलीत भरलं.

ती बाटली साधीच होती. राखाडी बुचाच्या, तळाला पांढरी पावडर असलेल्या बाटल्या आमच्याकडे अकरा महिने आल्याच नव्हत्या. मी स्टोअरकीपरकडे गेलो होतो. एकदा. तो म्हणाला, "मामा, तुमचं सील नीट ठेवा, म्हणजे झालं. आतलं वरचे लोक बघून घेतील." मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं. फ्रिज लशींनी भरलेला असायचा, आमच्या बाटल्या लाकडी कपाटात. तुमच्याकडे माणूस जायचा आठवड्यातून एकदा, कधी दोन आठवड्यांनी.

मग फॉर्मवर पावडरच्या चौकोनात खूण कशी, असं विचारशील. खुणा आधीच केलेल्या असायच्या. पूर्वी दोनतीन फॉर्म तुमच्याकडून परत आले होते, एखादा चौकोन कोरा राहिला म्हणून. एक केस त्यापायी सुटली. हवालदार माझ्या अंगावर धावून आला होता. तेव्हापासून कोरा चौकोन दिसला की माझा हात शिवशिवायचा. सोमवारी सकाळी गर्दी नसायची. नवं पॅड आलं की मी ते पन्नास फॉर्म पुढ्यात घ्यायचो आणि सगळ्या चौकोनांत खुणा करून ठेवायचो. स्पिरिट वापरलं नाही, खूण. पावडर आहे, खूण. थंड जागी ठेवलं, खूण. नंतर माणूस आला की नाव आणि तारीख तेवढी घालायची. माझा एकही फॉर्म पुन्हा परत आला नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं, तुला आठवत असेल. मी घरी येऊन तुला सांगितलं होतं. तू तेव्हा बारावीला होतीस. म्हणालीस, "मामा, तुझ्यासारखं काटेकोर व्हायचंय मला."

ड्रायव्हरच्या दंडाला रबर बांधण्याआधीच त्याच्या फॉर्मवर पावडर आहे अशी खूण झालेली होती. माणूस कोण येणार हेही मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्याला शिक्षा झाल्याची बातमी मी पेपरात वाचली होती. तुझी साक्ष होऊन तोवर तीन वर्षं झाली होती. पेपर घडी घालून ठेवला आणि मामीला म्हटलं, आज काही विशेष नाही.

मामा


२१ एप्रिल

चि. भिंगू,

वकीलबाईंना बोलावून घेतलं. सरांची चिठ्ठी त्यांच्यापुढे अशी ठेवली, जणू परीक्षेत पहिला आलोय.

त्यांनी ती वाचली आणि परत दिली. "काका, हे कोर्टात चालायचं नाही."

"का? खरं आहे ते!"

"खरं असेल. पण बाटल्यांना सील नाही, पंच नाहीत, सरांची प्रयोगशाळा मान्यताप्राप्त नाही. आणि तुमचं रक्त म्हणजे त्याचं रक्त नव्हे."

मला हसूच फुटलं, भिंगू. बाई बघतच राहिल्या. तेहतीस वर्षं मी असा कागद दिला की कोर्टाने डोळे झाकून घ्यावा, आतलं काहीही असो. आणि आता आतलं खरं घेऊन उभा आहे, तर मोहोर नाही म्हणून घेत नाहीत!

बाई म्हणाल्या, "बाटली साधी असेल तर काय होतं ते सांगायला तज्ज्ञ आहेत. बाटली साधी होती हे सांगायला कोणी नाही. फॉर्म रीतसर आहे, सील शाबूत होतं, म्हणून कायदा ते खरं धरून चालतो. ते मोडायला ज्याने खूण केली त्याचीच शपथ लागेल. हे तुमच्याच्याने होणार असेल तर बघा. यात तुमच्यावर केस होऊ शकते. आधीच्या साक्षीचंही निघेल. तुमचा वकील वेगळा करा."

त्या गेल्यावर मामीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडून झाली, ताट बाजूला ठेवलं, मग म्हणाली, "त्या पोरीसाठी मी सहा वर्षं दाराकडे बघत बसले. तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं."

"मग आता मला विचारताय काय? जा आणि सांगा. मला काय, मी शेजारणीला सांगेन, आमच्याकडे आता दोन खरं बोलणारे झालेत."

ती उठून आत गेली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ते मला मिळायलाच हवं होतं.

मग मी तुझी ती तीन पत्रं काढली. पहिल्या पाकिटावर पोस्टाचा शिक्का तुझ्या साक्षीच्या चार दिवस आधीचा आहे. मला ते मिळालं साक्षीच्या दुसऱ्या दिवशी, तेव्हा मी ते रागाने तसंच आत टाकलं होतं. मला वाटलं, स्पष्टीकरण असेल. आता फोडलं, तर त्यात स्पष्टीकरणाचं अक्षर नाही. "मामा, गुरुवारी कोर्टात मला जे दिसलं तेच सांगेन. तू काय सांगशील ते मी विचारणार नाही, मला विचारायची परवानगी नाही. पण काहीही झालं तरी रविवारी मी जेवायला येणार आहे. दार उघडशील ना?"

तू आली होतीस. मी कडी काढली नाही. आतून म्हटलं, इथे तुझं कोणी राहत नाही. मामी माझा हात ओढत होती.

आता काय लिहू? बाकीची दोन अजून फोडली नाहीत. एका दिवशी एकच झेपतं.

मी साक्ष देणार आहे.

मामा


१९ जून

चि. भिंगू,

तू कोर्टात आली नाहीस ते बरं केलंस. कोणी म्हणायला नको, भाचीकडे बघून बोलला. तुझ्या जागी तुमच्या प्रयोगशाळेतले दुसरे साहेब आले होते. तुझं सगळं पुस्तकी बोलणं त्यांच्या तोंडून ऐकलं. तुझ्याइतकं सोपं करून सांगता येत नाही त्यांना.

मी सांगितलं. साध्या बाटल्या, अकरा महिने, लाकडी कपाट, सोमवारचं पॅड. सरकारी वकिलांनी सोडलं नाही. "म्हणजे सहा वर्षांपूर्वी तुम्ही शपथेवर खोटं बोललात?" हो म्हटलं. "मग आज खरं बोलताय यावर विश्वास का ठेवायचा?" मी म्हटलं, "साहेब, माझ्यावर नका ठेवू. माझ्या पॅडमधले लागोपाठचे फॉर्म मागवा. वेगवेगळ्या तारखांच्या पन्नासच्या पन्नास फॉर्मांवर एकाच पेनाच्या, एकाच दमात केलेल्या खुणा दिसतील. नाव आणि तारीख तेवढी निराळ्या शाईत." न्यायाधीशबाईंनी तुमच्याकडून फॉर्म मागवले. काल ते आले. त्यांनी भिंग घेऊन बघितले, भिंगू! तुझ्याएवढं मोठं नव्हतं त्यांचं.

रक्ताचा आकडा बाजूला ठेवला. बाकीच्या पुराव्यावर केस पुन्हा ऐकणार आहेत, तोपर्यंत ड्रायव्हर जामिनावर घरी. शिवाय त्या अकरा महिन्यांतले सगळे फॉर्म तपासायला सांगितलंय. ते एकेचाळीस आहेत. माझी चौकशी व्हायची आहे, पेन्शनला काय होईल सांगता येत नाही. मामीने शेजारणीला सांगून टाकलं.

तो निर्दोष होता का, हे आता कोणालाच कधी कळणार नाही. माझ्यामुळे नाही कळणार. पहिल्या बाकावर त्या सायकलवाल्या पोराची आई बसली होती. तिलाही हे कळायला हवं होतं, आणि तेही मीच घालवलं. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. माझ्याकडे तिला देण्यासारखं काही नव्हतं.

ड्रायव्हर बारीक झालाय. बाहेर व्हरांड्यात माझ्याजवळ आला. मला वाटलं आता मारतो. तो म्हणाला, "मामा, तुम्ही त्या दिवशी मला विचारलं होतंत, दुखलं का. त्या अख्ख्या दिवसात तेवढं एकच कोणीतरी विचारलं." मला ते आठवतही नाही. जन्मभर ज्याला त्याला विचारायचो, सवयच होती. त्याचे हात धरून उभा राहिलो.

जबानीवर सही करायला कारकुनाने कागद पुढे केला. खाली एक चौकोन होता, "सोबत कागदपत्रे जोडली आहेत". तो म्हणाला, खूण करा. म्हटलं, कागदपत्रं जोडलेली नाहीत. तो वैतागला, "अहो, सगळेच करतात, नाहीतर वरून परत येतं." म्हटलं, येऊ दे परत. मीही परत येईन. घर जवळच आहे.

भिंगू, तुझे आभार कसे मानायचे ते मला कोणी शिकवलेलं नाही. मी सुई धरायला बघून बघून शिकलो, इंग्रजी औषधांची नावं डब्यांवरून शिकलो, आणि चूक झाली की चूक म्हणायचं, हे साठी उलटल्यावर तुझ्याकडून शिकलो. तेही तू न बोलता शिकवलंस. टेंपोवाल्याच्या वेळी तू मला वाचवायला गप्प बसली असतीस, तर मी अजूनही काटेकोर माणूस म्हणून मिरवत असतो आणि तो ड्रायव्हर आणखी दोन वर्षं आत असता. तू मला लाज आणलीस असं मी सहा वर्षं म्हणत होतो. तू मला लाज परत आणून दिलीस, पोरी. ती माझी मीच कुठेतरी त्या पॅडखाली ठेवून विसरलो होतो.

बाकीची दोन पत्रं काल वाचली. मामीला मोठ्याने वाचून दाखवली. तिसऱ्याच्या शेवटी तू लिहिलंयस की आता पुन्हा लिहिणार नाही, पण पत्ता बदलला तर कळवीन. पत्ता बदललेला नाही.

येत्या रविवारी मामी स्वयंपाक करणार आहे. तिने मला विचारलं, किती पानं मांडायची? मी म्हटलं, मला माहीत नाही, मी आधी ठरवणार नाही. ती म्हणाली, "सुधारलात!"

म्हणून खाली एक चौकोन काढून ठेवलाय. भिंगाच्या कड्याभोवती पेन्सिल फिरवायला गेलो, तो गोलच झाला. मग पट्टी घेतली. पुढे लिहिलंय, "रविवारी जेवायला येते." चौकोन कोरा आहे. त्यात मी काहीही केलेलं नाही.

□ रविवारी जेवायला येते.

तुझा,
मामा